बऱ्यातले द्या!

कापडाच्या दुकानात शिरलेला मध्यमवर्गीय माणूस पहिले वाक्य बोलतो ते "हे केवढ्याला?" आणि किंमत ऐकून झाली की दुसरे बोलतो ते "यापेक्षा जरा बऱ्यातले दाखवा." पहिल्या वाक्यात त्याचा पगार बोलतो, दुसऱ्यात त्याची अब्रू. आमच्या घरी तर बऱ्यातले घेण्याची एक परंपराच आहे. चहा घ्यायचा तो बऱ्यातला, छत्री बऱ्यातली, मुलीच्या वह्या बऱ्यातल्या. बऱ्यातले म्हणजे नेमके कोणते, हे आम्हांला आजवर कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर सांगता आले नसते. शेजारी ठेवलेल्या वस्तूपेक्षा चार पैशांनी महाग ते बऱ्यातले, एवढीच आमची व्याख्या. तेव्हा पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने मला पहिल्यांदा विचारले, "सर, साधं टाकू का पावर?" त्या वेळी माझ्या तोंडून कोणते उत्तर गेले असेल, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

मी जालन्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्याकडे असलेली मोटारसायकल माझी नाही, वडिलांची आहे. वडील, म्हणजे आमचे आप्पा, भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी उभा जन्म गणित शिकवले, आणि निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून २००९ साली ही शंभर सीसीची गाडी घेतली. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात आली. किल्ली देताना ते एवढेच म्हणाले, "वापर. पण तिचं ऐकत जा." गणिताच्या मास्तरांनी काव्यात्म बोलावे याचे मला नवल वाटले. ते काव्य नव्हते, ती सूचना होती, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

गाडी जालन्यात आली आणि काही महिन्यांनी तिच्या पोटातून एक आवाज येऊ लागला. टक, टक, टक. उभी असताना मंद, चढावर जरा स्पष्ट. मी तो स्टाफरूममध्ये तोंडाने काढून दाखवला. आमच्याकडे प्रत्येक विषयाचे तज्ज्ञ आहेत, आणि प्रत्येक तज्ज्ञाला दुसऱ्याच्या विषयात अधिक गती आहे. इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, "हे नॉकिंग. साध्या पेट्रोलचा प्रताप. पावर टाकत जा." अर्थशास्त्राचे म्हणाले, "लिटरमागे सात-साडेसात रुपये जास्त पडतील, पण इंजिनाचं आयुष्य वाढेल." मी महिन्याला दहा लिटर जाळणारा माणूस. पाऊणशे रुपयांत आयुष्य वाढत असेल तर कोण नको म्हणेल? त्या दिवसापासून वर्षभर मी 'पावर'चा निष्ठावंत गिऱ्हाईक झालो. पंपावरच्या पोऱ्याने "झिरो बघा सर" म्हणावे, मी शून्याकडे गंभीरपणे पाहावे आणि मागे उभ्या असलेल्या साध्या पेट्रोलवाल्यांकडे किंचित करुणेने. आवाज थांबला नाही. पण तो पूर्वीपेक्षा खानदानी वाटू लागला.

या वर्षात हसनाबादला माझे जाणे फारसे झाले नाही. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण परीक्षा असतात, पेपर तपासायचे असतात, रविवारी कुठले तरी चर्चासत्र असते. महिन्याच्या एक तारखेला आप्पांच्या खात्यावर पैसे जातील अशी सोय मी बँकेत करून टाकली होती. आई २०२१ साली गेल्यापासून शेजारच्या काकू त्यांना दोन्ही वेळचा डबा देतात. त्यांचे पैसेही मीच पाठवी. औषधे बऱ्यातली, चष्मा बऱ्यातला, टीव्ही बऱ्यातला. मुलगा म्हणून माझ्यात काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून मी गाडीवरून हसनाबादला गेलो. राजूरच्या गणपतीला हात जोडून पुढे निघालो. रस्त्याच्या कडेला मक्याचे पिवळे गालिचे वाळत पडले होते. घरापुढे गाडी थांबवली तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, आणि पुढचे वाक्य गाडीबद्दल बोलले.

"आवाज कसला येतोय?"

"नॉकिंग आहे थोडं. पण मी पावर टाकतो आता. वर्ष झालं."

"मग फरक किती पडला?"

"जाणवतो."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. चाळीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची ही लकब मी ओळखून आहे. "जाणवतो हा आकडा नव्हे," ते म्हणाले. "लिटरला किती जात होती, आता किती जाते?"

मी गप्प. भाषेच्या माणसाची इथेच पंचाईत होते. वीस वर्षे मी मुलांना विशेषण शिकवत आलो. नामाबद्दल अधिक माहिती सांगतो तो शब्द विशेषण. 'प्रीमियम' या विशेषणाने पेट्रोल या नामाबद्दल मला कोणती अधिक माहिती दिली होती? किमतीखेरीज कोणतीच नाही. आणि गाडी चालायची ती क्रियापदावर.

"प्रयोग करून बघ," आप्पा म्हणाले. "पण आधी मिस्त्रीला दाखव. आजारी माणसाला खुराक देऊन वजन करत नसतात."

गावातल्या मिस्त्रीने गाडी सुरू केली, एक पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरली, डॉक्टरसारखे डोळे मिटले, आणि बंद केली. "टॅपेट ढिले झाले सर. नॉकिंग-फिकिंग काही नाही." त्याने तासाभरात टॅपेटची फट बसवली, प्लग साफ केला, हवेच्या जाळीतून मूठभर जालना झटकून काढले, साखळी ताणली. वर्षभर माझ्या सोबत असलेला आवाज एकाएकी नाहीसा झाला, आणि मला चुकल्या-चुकल्यासारखे वाटू लागले. मजुरी दीडशे रुपये. मी त्याला पावरची हकीकत सांगितली तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, तिचा दात दुखत होता आन् तुमी बदाम चारत होते."

आता दात बरा झाला होता. बदामाचा गुण पाहायचा होता. आप्पांनी प्रयोगाचे नियम घालून दिले. दर शनिवारी सकाळी जालन्यात एकाच पंपावर, एकाच नळीने टाकी गळ्यापर्यंत भरायची. तिथून हसनाबाद. रात्री मुक्काम. रविवारी संध्याकाळी परत त्याच पंपावर टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जितके मावेल तितके खर्चले. रस्ता तोच, स्वार तोच, चाकातली हवा तेवढीच, वेग पन्नासच्या आत. आधी चार शनिवार साधे पेट्रोल. मग एक शनिवार सोडून द्यायचा, कारण टाकीत साध्याचे उरलेले असते, ते जळून जायला हवे. मग चार शनिवार बऱ्यातले.

"म्हणजे नऊ शनिवार?" मी विचारले.

"एक-दोन नोंदींवर सरासरी निघत नसते," आप्पा म्हणाले.

प्रयोग सुरू झाला आणि माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. मी मिळेल ते वाचू लागलो. पहिला धक्का गाडीच्या पुस्तिकेने दिला. पंधरा वर्षे ती आप्पांच्या ट्रंकेत रेशमी रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. तिच्यात पेट्रोलचा किमान दर्जा सरळ छापलेला होता, आणि तो साध्या पेट्रोलचा होता. जी गोष्ट मी इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारली, ती बनवणाऱ्याने आधीच लिहून दिली होती.

मग त्या ऑक्टेन नावाच्या आकड्याचा उलगडा झाला. आजवर मी समजत होतो की, तो पेट्रोलची ताकद दाखवतो. तसे मुळीच नाही. इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण शिरते, पिस्टन ते दाबून आठव्या-दहाव्या हिश्शाएवढे करतो, आणि मग ठिणगी पडते. दाबले की मिश्रण तापते. ठिणगीने पेटवलेली ज्वाला पोहोचण्याआधीच त्यातले काही आपण होऊन भडकले, तर पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज होतो. ते खरे नॉकिंग. असे न भडकता दाब सोसण्याची पेट्रोलची जी तयारी, तिचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसोऑक्टेन नावाच्या द्रव्याला १०० गुण दिलेले आहेत, हेप्टेनला शून्य. ९१ चे पेट्रोल म्हणजे या दोघांच्या ९१ आणि ९ अशा मिश्रणाइतका धीर धरणारे पेट्रोल.

वर्गात याचे उदाहरण रोज दिसते. काही मुले अशी असतात की, प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर देऊन मोकळी होतात. ती मठ्ठ नसतात, अधीर असतात. काही मात्र प्रश्न संपेपर्यंत थांबतात. मोठ्या दाबाच्या, टर्बोच्या गाड्यांचे इंजिन लांबलचक प्रश्न विचारणारे असते. तिथे ९५ चा धीर लागतो, आणि ज्या गाडीच्या पुस्तिकेत ९५ लिहिले असेल तिच्या मालकाने पैशांकडे पाहू नये. पण आमच्या शंभर सीसीच्या बाईंचा प्रश्न एका ओळीचा. तो संपेपर्यंत ९१ वालाही सहज थांबतो. त्याहून अधिक धीराचे तिथे काही काम नाही. लिटरभर पेट्रोलमधली उष्णता दोन्हीकडे जवळजवळ सारखीच असते. धीर वाढला म्हणून बळ वाढत नाही. आपल्याकडे 'पावर', 'स्पीड' अशी नावे घेऊन ही पेट्रोले २००२ च्या सुमारास बाजारात आली. नावात जोर आणि वेग, आकड्यात संयम. नाव ठेवणारा मात्र भाषेचा पक्का जाणकार असला पाहिजे. 'संयम' नावाचे पेट्रोल कोणी विकत घेतले असते?

महाग पेट्रोलात झडपा आणि नळ्या स्वच्छ ठेवणारी काही द्रव्येही अधिक मिसळलेली असतात, आणि त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. पण अमेरिकेतल्या मोटारवाल्यांच्या 'ट्रिपल ए' या जुन्या संघटनेने २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल घालून तपासले, तेव्हा ताकद, मायलेज किंवा धूर, कशातही म्हणण्याजोगा लाभ दिसला नाही. तिथले लोक गरज नसताना वर्षाला दोन अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम अशी उधळतात, असा हिशेब तिने मांडला. हे वाचून मला फार बरे वाटले. बऱ्यातले मागणारी माणसे केवळ आमच्या आळीत राहत नाहीत.

या बऱ्यातल्याचा मूळ पुरुष कोण, तेही शोधून काढले. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली नावाच्या संशोधकाला असे आढळले की, पेट्रोलात शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले की नॉकिंग थांबते. १९२३ च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या डेटन गावी ते 'एथिल' या नावाने चार पैसे चढे लावून विकायला सुरुवात झाली. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते हाताळणारे पाच कामगार शिशाच्या विषाने गेले. तरी धंदा थांबला नाही. जगभरच्या हवेत शिसे मिसळत राहिले. भारतातून शिशाचे पेट्रोल २००० साली हद्दपार झाले, आणि जगातल्या शेवटच्या देशातून, अल्जीरियातून, २०२१ साली. म्हणजे लोकांनी हौसेने जादा पैसे मोजून घेतलेले हे बऱ्यातले पेट्रोल विषारी होते. 'बऱ्यातले' या शब्दावरचा माझा विश्वास त्या रात्री पहिल्यांदा डळमळला.

हे सारे मी दर शनिवारी आप्पांना सांगत असे. ओसरीवर दोन खाटा टाकलेल्या, काकूंच्या घरून बाजरीची भाकरी आणि ठेचा आलेला, आणि बापलेकांत ऑक्टेनवर चर्चा. एरवी आमचे बोलणे फोनवर चार वाक्यांचे. जेवलात का? गोळ्या घेतल्या का? पैसे आले का? ठेवू का? आता दोन-दोन तास कसे जात ते कळत नसे. आप्पा शंका फार काढीत.

"आणि ते मक्याचं काय?" त्यांनी एकदा विचारले. गावात त्या वेळी त्याचीच बोलणी होती. आता साध्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते. ते उसापासून होते तसे मक्यापासूनही होते. वाटेवर वाळत पडलेल्या मक्यातला काही फिरून माझ्याच टाकीत येत असेल, ही कल्पना मला मोठी गमतीची वाटली. आप्पांना गमतीत रस नव्हता, हिशेबात होता. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज यामुळे तीन-चार टक्के घटेल असे म्हटले होते. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केले. पण इथेनॉलचा धीर मोठा. त्यामुळे २०२५ साली सरकारने सांगितले की, पूर्वी ८८ आणि नंतर ९१ असलेले साध्या पेट्रोलचे ऑक्टेन या मिश्रणाने ९५ पर्यंत पोहोचले आहे.

आप्पा थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिले. "म्हणजे साधंच आता बऱ्यातलं झालं. मग तू जास्तीचे पैसे कशाचे देत होतास?"

"लोक म्हणतात, महागात इथेनॉल नसतं."

"ऑक्टेन ९५ लिहिलं म्हणजे इथेनॉल नाही, असा अर्थ होतो का?"

"होत नाही."

"मग लोकांचं सोड."

पाचवा शनिवार हा सोडून द्यायचा शनिवार होता. नोंद नव्हती, मी न जाण्याचा विचार केला होता. पण आप्पांनी फोन करून सांगितले, "टाकी रिकामी व्हायची तर गाडी चालायला हवी ना?" म्हणून गेलो. त्या दुपारी ते म्हणाले, "ट्रंकेत माझी वही आहे. २०१२-१३ सालची सरासरी काढून ठेव, ताडून बघायला होईल." आणि ते झोपायला आत गेले.

वही लाल कापडी पाठीची होती. गाडी घेतल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद तिच्यात होती. तारीख, लिटर, दर, किलोमीटर आणि शेरा असे पाच रकाने पट्टीने आखलेले. पहिल्या पानावर लिटरचा दर पन्नासच्या आतबाहेर. मी २०१२ शोधत पाने उलटू लागलो, आणि नकळत शेऱ्याच्या रकान्यातच अडकलो. 'दोघे. भोकरदन, लग्न.' 'दोघे. राजूर, चतुर्थी.' 'दोघे. जालना, दवाखाना.' 'दोघे' असले की सरासरी ६० च्या आसपास. २०२१ च्या उन्हाळ्यात दोन महिने नोंद नाही. त्यानंतर 'एकटा.' पुढच्या सगळ्या पानांवर 'एकटा', आणि सरासरी ६३. ही तीन किलोमीटरची वाढ आप्पांनी कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती.

आणखी एक शेरा होता. तो अधूनमधून, वर्षातून चार-सहा वेळा येई. 'राजूर स्टँड. चि. ला आणले.' मी तेव्हा बसने येत असे, आणि हसनाबादची गाडी चुकली की आप्पा राजूरला न्यायला येत. पण दर चार-सहा नोंदींत एक अशीही होती : 'राजूर स्टँड, जाऊन येऊन. चि. आला नाही.' पुढे कारण लिहिलेले. 'परीक्षा.' 'मीटिंग.' एका ठिकाणी नुसतेच 'काम.' माझ्या फोनवरच्या सबबी त्यांनी किलोमीटरांसकट लिहून ठेवल्या होत्या. तक्रार म्हणून नव्हे. पेट्रोल खर्चले होते, तेव्हा हिशेबात येणे भाग होते.

मी २०१२-१३ ची सरासरी काढली, वही होती तशी ट्रंकेत ठेवली आणि आप्पा उठायच्या आत चहा केला.

उरलेले चार शनिवार मी बऱ्यातल्या पेट्रोलवर काढले. एकदा समोरून वारा होता, एकदा वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास रखडलो. नवव्या रविवारी संध्याकाळी मी जालन्यात शेवटची टाकी भरली आणि तिथूनच आप्पांना फोनवर आकडे सांगितले. त्यांनी ते पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज मला ऐकू आला. चार फेऱ्यांचे किलोमीटर ३२८. साधे पेट्रोल लागले ५.४२ लिटर, बऱ्यातले ५.३६. लिटरला साध्यावर साडेसाठ किलोमीटर, बऱ्यातल्यावर एकसष्ट आणि वर दोन दशांश.

"वाढली की हो!" मी म्हणालो. वर्षभराची श्रद्धा अशी सहजी मरत नाही.

"साध्याच्या चार फेऱ्यांत आपापसात किती फरक होता?"

"५९ पासून ६२ पर्यंत."

"मग पाऊण किलोमीटरला काय अर्थ आहे? तो वारा आहे." आणि मग त्यांनी मला उत्तर घातले, जसे ते सातवीच्या वर्गाला घालीत. साधे १०५ रुपये, बऱ्यातले साडेबारा वर शंभर. किंमत सात टक्क्यांनी जास्त. पैसे वसूल व्हायचे तर सरासरी पावणेपासष्टच्या घरात जायला हवी होती. ती गेली नाही. किलोमीटरमागे दहा पैसे जास्त पडले. म्हणजे हसनाबादची एक फेरी साडेआठ रुपयांनी महाग.

तेव्हा वाचकहो, प्रश्नाचे उत्तर आले. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ९५ लिहिले असेल तर ९५ घाला. ९१ लिहिले असेल तर साधे घाला, आणि वाचलेल्या पैशांतून वर्षाकाठी एकदा टॅपेट, प्लग आणि हवेची जाळी बघून घ्या. बऱ्यातल्याचा मोह मी समजू शकतो. जास्त पैसे दिले की आपण काही तरी केले, असे वाटते; मग आवाज ऐकत बसावे लागत नाही. वर्षभर मी पाऊणशे रुपये महिन्याने देत होतो ते पेट्रोलचे नव्हते, तो आवाज मनावर न घेण्याचे होते. आणि एक तारखेला बँकेतून जाणाऱ्या त्या दुसऱ्या रकमेबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. ती अजून जाते, जायलाच हवी. पण तिचा हिशेब मी आता निराळ्या वहीत मांडतो.

प्रयोग संपल्यावरच्या शनिवारी मी सकाळी अंथरुणात लोळत होतो. जायचे मनात होते. पण नोंद संपली, आता काय सांगून जावे, असा एक विचित्र संकोच वाटत होता. नऊ आठवडे कारण होते. बापाकडे जायला मुलाला कारण लागावे, याची लाजही वाटत होती. इतक्यात फोन वाजला.

"निघालास का?" आप्पांनी विचारले.

"प्रयोग तर झाला ना, आप्पा? फरक नाही हे ठरलं."

"थंडीतला ठरला," ते म्हणाले. "उन्हाळ्यात पेट्रोल उडतं. पावसाळ्यात रस्ता जड असतो. एका ऋतूवरून सिद्धान्त मांडायचा नसतो."

मला त्यांच्या आवाजात काही शोधून सापडले नाही. गणिताच्या मास्तरांचा आवाज होता, नेहमीसारखा कोरडा. फरक पडणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की काय, हे मी त्यांना विचारलेले नाही. विचारणारही नाही. काही प्रश्न संपेपर्यंत थांबण्याचा धीर माणसाला असावा.

तेव्हापासून उन्हाळा झाला, पावसाळा झाला. लाल वही भरली. मी नवी नेऊन दिली. आप्पांचा हात आता थरथरतो, म्हणून रकाने मी आखतो आणि आकडे ते घालतात. कधी शनिवार चुकतोच. त्या दिवशी मी आदल्या रात्री कळवतो, आणि खरे कारण सांगतो. शेऱ्याच्या रकान्यात वाऱ्याची दिशा असते, रस्त्यावरचे नवे खड्डे असतात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द : 'चि. आला.'

आता दिवाळी आली. परवा सौभाग्यवती म्हणाली, "आप्पांना या खेपेला काय न्यायचं? शाल घेऊ का एखादी, जरा बऱ्यातली?" मी म्हणालो, "शाल घे. साधी चालेल. या वेळी आपण तिघेही तिथेच राहू, पाडव्यापर्यंत." तिने नवलाने माझ्याकडे पाहिले. मी आप्पांना फोन करून बेत कळवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये. पण तिघे एका गाडीवर बसू नका. सरासरी बिघडेल."